चंद्रकुमारची नेटची पाळी

कोंढ्याच्या चंद्रकुमारचं घराणं पाणकराचं. म्हणजे तळ्याचं पाणी कुणाच्या धानाच्या बांधीत आधी सोडायचं आणि कुणाच्या नंतर, हे ठरवणारं. गावात बोअर झाले आणि त्याच्या बापाला, भय्याजींना, कोणी विचारेनासं झालं. पोरगा नागपूरला जाऊन कॉम्प्युटर शिकून आला खरा, पण पाणकरपणा हाडात मुरलेला. त्याला काय औषध!

त्यानं गावात ऑनलाइन परीक्षेच्या सरावाचं सेंटर काढलं. लिनक्सचा एकच दणकट सर्व्हर आणि त्याच्या पोटात वीस आभासी मशीन, म्हणजे प्रत्येक पोरासाठी सॉफ्टवेअरनं उभा केलेला एकेक कॉम्प्युटर. काही दिवसांत नेट रखडायला लागलं. दुसऱ्या कुणी कारण शोधलं असतं, यानं पाळी बांधली! प्रत्येक मशीनच्या वेगाला मर्यादा घातली, आणि ज्याची पाळी असेल त्याची मर्यादा तेवढी थोडा वेळ सैल. पोरं टेबलाभोवती गोळा व्हायची, "सर, मायी पाळी कवा?" हा गडी मिशीतल्या मिशीत खूश. इतका मान भय्याजींनाही मिळाला नसेल.

मग पोरं गळायला लागली. निम्मी भंडाऱ्याच्या सेंटरला पळाली. त्याची बायको शुभांगी फटकळ. म्हणाली, "पाळ्या कायले लावून राहिले तुम्ही? नेट कुठी अडून राहिलं ते तं पाहा आधी. नाहीतर सेंटरले कुलूप लावा."

झक मारत त्यानं मोजलं. सर्व्हरवर नेट धो धो, मशीनच्या आत मात्र थेंब थेंब. प्रत्येक मशीनला त्यानंच एका जुन्या नेटवर्क कार्डाचं सोंग दिलं होतं, आणि वीस सोंगं वठवता वठवता सर्व्हरचा प्रोसेसर घामाघूम झाला होता. त्यानं ती काढून आभासी मशीनसाठीच बनवलेलं व्हर्टआयओ कार्ड लावलं, डेटा वाहायचं काम थेट लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे सोपवलं. एवढं सगळं भराभर केलं, पण पाळी काढायची वेळ आली तेव्हा त्याचा हात अडला. मी, त्याचा दोस्त, शेजारीच बसलो होतो. शेवटी त्यानं एकेक मर्यादा काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी आलेल्या सगळ्यांचे पेपर झटक्यात उघडले. टेबलाकडे कोणी फिरकलं नाही. चंद्रकुमारला करमेना. तो रांगेतून हिंडत एकेकाला विचारू लागला, "अटकत तं नाही ना?" मला हसू आलं, आणि त्याचं वाईटही वाटलं. पहिल्या रांगेतल्या तृप्तीनं तर मानही वर केली नाही.

"सर, बाजूले व्हा ना. पेपर सुरू हाये."