माझा दम तुटला होता

सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला की मला शिरगावच्या किनाऱ्यावरचा हुतूतूचा तो सामना आठवतो. साल त्रेसष्ट-चौसष्ट असेल. बरोबरीच्या पोरांच्या खांद्याला माझं डोकं लागायचं, म्हणून सगळे मला बुटक्या म्हणत. पण पकडणाऱ्यांच्या हाताखालून निसटावं ते मीच, म्हणून शेवटची चढाई माझ्याकडे आली. शेजारच्या माहीम गावच्या संघातल्या सगळ्यांत उंच पोराने माझा घोटा धरला, मी ओल्या वाळूत तोंडावर पडलो आणि माझा दम तुटला. पुन्हा ‘हुतूतू’ सुरू करून मी मधल्या रेषेला हात लावला. “याचा दम तुटला, मी ऐकला हाय!” तो ओरडला. पंच आमच्याच गावचे. त्यांनी मला विचारलं, “काय रे बुटक्या, तुटला?” मी म्हणालो, “नाय.” गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “बुटक्यानं लोळवला म्हणून खोटं बोलतो काय, ए ताडमाड!” सगळे हसले. आमच्या पोरांनी मला खांद्यावर उचललं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला सगळ्यांच्या डोक्यांवरून पलीकडचं दिसलं. तो उंच पोरगा चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेने एकटाच माहीमकडे चालला होता. मला खाली उतरवा, एवढंही मी म्हणालो नाही. उंचीवाचून पुढे माझं काही अडलं नाही. नोकरी झाली, संसार झाला. त्या चढाईची गोष्ट आता माझी नातवंडं कौतुकाने सांगतात आणि मी मान खाली घालून ऐकतो. आज लिहून ठेवतो: तो खरं बोलत होता.