रेणापूरच्या गाडीचा डबा

आम्ही तिघं फोनवर भेटलो की कुणीतरी म्हणतंच, "अरे, तो डब्याचा किस्सा..." मग एकातून दुसरा निघत जातो. मी आता नांदेडला, विष्णुपुरीच्या हॉस्टेलवर असतो. मेसचं ताट समोर आलं की लातूरची ती खोली फार आठवते.

खोलीत मी, रेणापूरचा दिगू आणि धर्माबादचा इरफान. तिघंही एंट्रन्सच्या क्लासला. दिगूची आई रोज सकाळी रेणापूरच्या गाडीत कंडक्टरजवळ डबा द्यायची. डबा एकाचा, खाणारे तिघं. दिगूच्या आईला आम्ही दोघं मावशी म्हणायचो.

*

एकदा क्लासमध्ये समुपदेशनवाल्या मॅडम आल्या. म्हणाल्या, "रोज कुणाला तरी मनापासून थँक्यू म्हणा, मन हलकं राहतं." दिगूनं लगेच घरी फोन लावला. "आई, डब्याबद्दल थँक्यू."

पलीकडून आईचा हळू आवाज, "काय झालं रे? बरा हाईस ना?"

पुढच्याच गाडीनं त्याचे वडील लातुरात हजर!

*

आमच्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत. दिगू धुतलेल्या डब्यात चिमूटभर साखर टाकून पाठवायचा. एकदा इरफाननं धर्माबादच्या लाल मिरच्या घातल्या, चांगल्या मूठभर. दुसऱ्या दिवशीच्या कालवणानं तिघांच्या डोळ्यांतून पाणी. दिगूनं फोनवर तक्रार केली, तर मावशी म्हणाल्या, "लेकरानं एवढ्या मायेनं दिल्या, कमी कशा घालू?"

*

रमजानात इरफानचे रोजे सुरू झाले. मावशींना कळलं आणि महिनाभर डबा संध्याकाळच्या गाडीनं यायला लागला, त्याला ताजं मिळावं म्हणून. आम्ही दोघं दुपारभर भुकेनं पोट धरून बसायचो. दिगू म्हणाला, "इरफान, यंदा ईद आमची बी हाय बरं का."

*

निकाल लागला. मला आणि दिगूला नांदेडला प्रवेश मिळाला, इरफानचे मार्क कमी पडले. पुन्हा परीक्षा द्यायची म्हणून तो त्याच खोलीत एकटा राहिला. थोड्याच दिवसांत त्याचा फोन. "मन लागत न्हाई, भाऊ. उद्या सामान घेऊन गावाकडं निघालोय. बस झाला अभ्यास." आम्ही खूप समजावलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सकाळी बॅग घेऊन तो स्टँडवर उभा होता. तेवढ्यात रेणापूरची गाडी लागली. कंडक्टरनं हाक मारली, "इरफान, डबा घे की."

"दिगू गेला की हो नांदेडला."

"ठाव हाय. मावशी म्हणली, पोरगं खोलीत एकटंच हाय."

संध्याकाळी माझा फोन वाजला. वाटलं, घरी पोचल्याचं सांगायला केला असेल.

इरफान विचारत होता, "मिरच्या संपल्यात रे. डबा धुवून ठेवलाय. उद्या काय घालून पाठवू?"