तापासुराचा शर्ट

पृथ्वीचं रक्षण करणारी माणसं युगायुगांतून एखादीच जन्माला येतात असं म्हणतात. नव्वदीच्या दशकातल्या एका वर्षी आमच्या कॉलेजात ती वर्गच्या वर्ग निघाली. पर्यावरण फेरीच्या दिवशी तास होणार नाहीत अशी नोटीस लागली होती.

या गर्दीतली एक मुलगी मात्र घोषणा देत नसे. कुणी उन्हाबद्दल, मातीबद्दल काही ठामपणे बोललं, की ती त्याला जमिनीकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, “हात घालून बघा.” एवढंच. बोलणारा वक्तृत्व स्पर्धेतला ढालविजेता असला तरी तेवढंच.

मी तेव्हा देवळाली प्रवरेच्या बाजूच्या त्या कॉलेजात इतिहास शिकवत होतो. पर्यावरण मंडळ कुणाच्या गळ्यात घालायचं हे ज्या बैठकीत ठरलं, तिला मी गैरहजर होतो. मंडळाचा प्रमुख व्हायला माझ्याकडे एवढीच पात्रता होती. एका मासिकातला लेख वाचून मी मुलांना जगाचं तापमान कसं वाढतंय ते सांगितलं. ओझोनच्या थराला भोक पडलंय हे त्यांना आधीच ठाऊक होतं, आणि त्या भोकाला लोकसंख्या जबाबदार आहे यावर त्यांचं एकमत होतं.

तास संपल्यावर ही मुलगी टेबलापाशी आली. “सर, धुरानं पृथ्वी तापती म्हनता. मग आपल्याकडं हंगामभर रानं पेटत्यात, त्याचं काय?”

मासिकात त्याचं काही नव्हतं. मी म्हणालो, विचार करायला हवा. शिक्षकाचं हे वाक्य कुठेही चालतं. तिला चाललं नाही.

आमच्याकडचा रिवाज असा होता : ऊस तोडून कारखान्याला जायचा, हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, गुरांना जायचे आणि वाळक्या पानांचा जाड थर रानात उरायचा, ते पाचट. त्याला काडी लावायची. मग साफ झालेल्या रानात त्याच बुडख्यांना कोंब फुटायचे, तो खोडवा. हिवाळाभर गावातल्या दोरीवरच्या धुण्यावर काळी पिसं पडत. बायका ती झटकत आणि कपडे पुन्हा पिळत. त्याला कुणी प्रदूषण म्हणत नसे. त्याला हंगाम म्हणत.

या मुलीने मंडळातल्या चार मैत्रिणींना घेतलं आणि वस्त्यांवरून फिरून पाचट जाळू नका असं सांगायला सुरुवात केली. लोक चहा पाजायचे आणि विचारायचे, तुझ्या बापानं बंद केलं का? तो प्रश्न रास्त होता. वडिलांचं रान कॉलेजच्या कुंपणाला लागून, पाण्याच्या चारीच्या पलीकडे होतं.

तिने घरी काय युक्तिवाद केला मला माहीत नाही. तहाच्या अटी मात्र तिनेच सांगितल्या. वडील म्हणाले होते, यंदा जूनपर्यंत बघू. खोडवा नीट आला तर तू शेवटच्या वर्षाला कॉलेजात जा. नाही आला तर घरी बस, स्थळं बघतो. पदवीसारखी गोष्ट उसाच्या बुडख्यावर अवलंबून असल्याचं इतिहासात दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

तिचे वडील, अण्णा, एकदा कुंपणापाशी भेटले. मी नमस्कार केला. ते रानाकडे बघत म्हणाले, “सर, ह्या पोरीनं मला गावात येडा ठरवलाय. येता-जाता इचारत्यात, कचऱ्याचं पीक कसं हाय म्हनून.” मग माझ्याकडे वळून, “तुमी शिकवलं का हे?” मी नाही म्हणालो. त्यांना ते पटलेलं दिसलं.

सुरुवातीला खोडवा पिवळा पडला. तिला विचारलं तर म्हणाली, “का पडला ते मला म्हाईत न्हाई, सर.” तोवर मी बऱ्याच विद्वानांना ऐकलं होतं, पण हे वाक्य क्वचितच कानावर आलं होतं. रोज कॉलेज सुटलं की ती रानात जायची, आधी उघड्या बांधावर तळहात टेकवायची, मग पाचटाखाली घालायची. एकदा मलाही बसवलं. बांध तव्यासारखा होता. पाचटाखाली मात्र माठाच्या बुडाशी असते तशी ओल. तापमानवाढीवर मी तीन व्याख्यानं दिली होती. तापमानाला हात त्या दिवशी लावला.

फेब्रुवारीअखेर मंडळाचा सप्ताह आला. समारोपाला काहीतरी भव्य हवं, असं प्राचार्यांचं मत पडलं. मुलांनी ठरवलं, तापमानवाढीच्या राक्षसाचा पुतळा करायचा आणि पाहुण्यांच्या हस्ते जाळायचा. धुराविरुद्धच्या सप्ताहात धूर कशाला, हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. निषेध म्हटलं की पुतळा आणि पुतळा म्हटलं की काडी, हे आमच्या हाताला वळणच पडलं होतं. राक्षसाचं नाव तापासुर. डोक्याला मडकं मिळालं. शर्ट माझा घेतला. “सर, तुमचा ढगळ हाय, राक्षसाला बसंल,” असं मुलं म्हणाली. निळ्या चौकड्यांचा, बरा शर्ट होता.

पोटात भरायला पाचट हवं होतं. मुलं शोधायला निघाली, तर आसपासची सगळी रानं जळून काळी झालेली. एकाच रानात पाचट शिल्लक होतं, आणि ते कुंपणाला लागूनच होतं. मुलांना वाटलं, कुणी पेटवायचं विसरलंय.

समारोपाला पाहुणे आले. तालुक्यातले वजनदार गृहस्थ, सगळे त्यांना साहेब म्हणत. भाषणं झाली. प्राचार्यांनी काडेपेटी तबकात ठेवून पुढे केली. तेवढ्यात ती मुलगी चारीकडून चालत आली. ती रानातून येत होती. मला म्हणाली, “सर, आमच्या चार सऱ्या उघड्या पडल्यात.” मग पुतळ्याकडे बघितलं. पुढे जाऊन शर्टाच्या दोन गुंड्या सोडल्या, आत हात घातला आणि मूठभर पाचट बाहेर काढलं.

साहेबांच्या हातात काडी होती. प्राचार्य म्हणाले, “अगं, बाजूला हो.”

ती झाली नाही. आवाजही चढवला नाही. “साहेब, ह्याच्या पोटात आमचं रान हाय.”

तिच्यासाठी ते चार सऱ्यांचं पाचट नव्हतं, पुढचं वर्ष होतं. हे तिथे मला ठाऊक होतं आणि तिला. साहेबांनी मुरलेल्या माणसासारखी काडी परत पेटीत ठेवली आणि विचारलं, “जाळायचं न्हाई तर मग करायचं काय ह्याचं?”

“हात घालून बघा,” ती म्हणाली.

मग व्यासपीठ, तबक, शाली तिथेच टाकून सगळा समारोप चारी ओलांडून रानात गेला. साहेब धोतर सावरत उकिडवे बसले. उघड्या सरीत हात टेकवला, शेजारच्या झाकल्या सरीत घातला. “गार हाय की,” ते म्हणाले. बराच वेळ हात तसाच ठेवून मग हळूच, जवळच्यांनाच ऐकू जाईल असं, “आमचं मागल्याच आठवड्यात पेटवलं.”

तापासुराला मुलांनी खांद्यावरून रानात नेलं आणि शर्ट उतरवून पोटातलं पाचट परत सऱ्यांमध्ये पसरलं. मडकं अण्णांनी काठीवर लावलं, पाखरांसाठी.

त्या उन्हाळ्यात कॅनॉलच्या पाण्याचं आवर्तन लांबलं. शेजारची रानं सुकली. अण्णांचा खोडवा तगला. फार जोमदार नव्हे, पण बरा आला. जूनमध्ये एक दिवस ती सायकलवरून कॉलेजात आली, तेव्हा साखळीला नवं तेल दिसलं. अण्णांनीच घातलं होतं. मला निकाल कळला.

पदवी घेऊन, पुढे बी.एड. करून ती पूर्वेकडच्या कोरडवाहू भागात शिक्षिका झाली, एवढं कानावर आलं. मग अण्णा गेले, रान वाटण्यांत गेलं, आणि तिची खबर मिळेना. मी मात्र पुढची सगळी वर्षं तिच्या उपकारात शिकवलं. तोंडात मोठा शब्द आला की मनात विचारायचो, याच्यात हात कुठून घालायचा? जागा सापडली नाही की शब्द गिळायचो. त्यामुळे माझे तास लवकर संपत. मुलांनाही त्याबद्दल कृतज्ञता होती.

आता त्या रस्त्याला पाचट न जाळण्याबद्दल सरकारी फलक आहे. कॉलेजच्या स्मरणिकेत त्या समारोपाचीही नोंद आहे : ‘मान्यवरांच्या हस्ते तापासुराचे उत्साहात दहन झाले.’ वर्तमानपत्राकडे बातमी सकाळीच पाठवलेली होती, स्मरणिकेने ती तिथून घेतली.

शर्ट तिने धुऊन, इस्त्री करून परत आणून दिला होता. तो माझ्या कपाटात आहे. अजूनही ढगळच होतो.