न फुगलेला लेप

पोलिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी शिकागोच्या पश्चिमेकडच्या आमच्या गावातली ती जळालेली बस डोळ्यांसमोरून जात नाही. वृद्धांना डे-केअरला नेणारी छोटी बस होती. इंजिनजवळ आग लागली. ड्रायव्हरने बाकीच्यांना उतरवलं, पण एक आजोबा आतच धुरात गुदमरून गेले.

तपास माझ्याकडे होता. घातपाताचा पुरावा नव्हता. अपघात म्हणून केस बंद होणार, तेवढ्यात डेस्कवरून निरोप आला: एक बाई फक्त माझ्याशीच बोलायचं म्हणते आहे. मराठी मंडळात कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं.

"काका, मराठीत बोललं तर चालेल ना?"

कुणी मराठीत बोलून कितीतरी दिवस झाले होते. बायको गेल्यापासून मी मंडळात जाणं सोडलं होतं. मुलगी दूर चँडलरला, तिचं सगळं इंग्रजीत.

फोनवरची बाई पुण्याची तरुण इंजिनिअर होती. बसच्या आतली फायबरची पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात ती टेस्टिंग करायची.

"पॅनलवर फायर कोटिंग असतं, काका. आग लागली की ते फुगतं, आतलं फायबर लगेच पेटत नाही, लोकांना उतरायला वेळ मिळतो. त्या बसच्या लॉटवर ते मारलंच नाही, असा मला डाउट आहे. विचारलं तर मला गप्प बसवलं. आणि माझा व्हिसा याच कंपनीवर आहे."

"मग फोन का केलास?"

"न्यूजमध्ये त्या आजोबांचा फोटो बघितला."

तिने स्वतःच्या नावाने जबाब दिला. वॉरंट घेऊन आम्ही त्याच लॉटचं शिल्लक पॅनल उचललं आणि सुपरवायझरला चौकशीला बोलावलं. हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाला. खोटं बोलणारा माणूस बहुधा न विचारलेलंही सांगतो. हाही थंडीत कोटिंग वाळायला किती वेळ लागतो ते सांगत बसला.

मी वाद घातला नाही, लॅबमधला व्हिडिओ लावला. सारख्याच ज्योतीसमोर दोन पांढरी पॅनल. एकाचा लेप फुगून जाड फेसासारखा झाला, मागचं फायबर शाबूत राहिलं. त्याच्या लॉटमधलं पॅनल भडकलं, काळा धूर सुटला.

व्हिडिओ संपला.

"साधा पेंट होता," तो म्हणाला. "कोटिंग वाळेना, मालाचे ट्रक अडकले होते. दिसायला सारखंच होतं."

त्याला शिक्षा झाली. कारखान्याची पॅनलची लाइन बंद पडली, त्या इंजिनिअरची नोकरी गेली. व्हिसाच्या मुदतीत दुसरी मिळेना. मी वकील गाठून दिला, चार ठिकाणी शब्द टाकला. उपयोग झाला नाही.

भारतात परत जाण्याआधी ती पोहे घेऊन घरी आली. दुपारभर आम्ही बोलत बसलो, केसबद्दल एक शब्दही नाही. "परत येईन, काका," असं दारात म्हणाली.

गुन्हेगाराने काय भोगायचं ते कोर्ट ठरवतं. खरं सांगणाऱ्याला काय सोसावं लागेल, ते कुणीच ठरवलेलं नसतं. त्या केसने मला एवढं शिकवलं.

जुने सहकारी भेटले की आजही त्या तपासाचं कौतुक करतात. मी मान हलवतो. मनात एवढंच येतं की ती इथे असती, तर एखाद्या रविवारी दुपारी आली असती.