खिशातले हात

ऐली कांगसच्या चित्रातली सगळी माणसं डावीकडे बघायची. म्हातारा असो, राक्षस असो, घोड्यावरची राणी असो, तोंड डावीकडे आणि हात खिशात. आता राणीला कुठले खिसे, म्हणून तिचे हात पाठीमागे. ऐलीला स्वतःला हे कधी दिसलंच नाही. मार्गिटला दिसलं, मार्गिटनं सांगितलं आणि तिथंच सगळं फिसकटलं.

मार्गिट सोल्बर्ग अमेरिकेतल्या डुलूथमध्ये, मोठ्या सरोवराकाठच्या गावात, ऐलीच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहायची. नववीच्या हिवाळ्यात दोघींनी स्क्रीनवर चित्रं काढायला सुरुवात केली. मार्गिटचं तळघर, एक हीटर, एकच टॅबलेट आणि 'आता माझी पाळी' म्हणून भांडणं. पुढं ऐली शनिवारी डोनटच्या दुकानात तळणीवर उभी राहायला लागली आणि तिनं स्वतःचा टॅबलेट घेतला. तेल उडून डाव्या अंगठ्यावर चंद्रकोरीसारखा डाग पडला, तो काही गेला नाही.

मग रविवारचा नियम ठरला. प्रत्येकीनं आठवड्याचं एक चित्र दुसरीला पाठवायचं. दुसरीनं मूळ चित्राला हात लावायचा नाही, वर एक कोरा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, चढवायचा आणि त्यावर लाल रेघांनी चुका सुधारायच्या. खांदा इथं नाही, इथं. गुडघा असा वळत नाही, बाई. याला दोघी 'लाल मारणं' म्हणायच्या. आणि 'छान' हा शब्द म्हणजे शिवी. 'छान' चर्चमधल्या काकूंच्या विणकामाला म्हणायचं, जिथं आपला जीव अडकलेला नाही तिथं म्हणायचं.

दोन वर्षं सलग रविवार चालले. पण मधल्या काळात ऐलीला चकाकी जमायला लागली. केसांवरचा उजेड, डोळ्यातलं पाणी, मागचं धुकं. लोक हृदयं टाकायला लागले, शाळेच्या चित्रकारांच्या ग्रुपवर तिचं नाव झालं. मार्गिट म्हणायची, "अगं, चित्र एकदा उलटवून तरी बघ, आरशासारखं. तोंड कसं घसरलंय ते कळेल."

"उलटवून कोण बघणारे? लोक सुलटच बघतात ना."

मग आर्ट कॉलेजचा अर्ज आला. ऐलीला तिथंच जायचं होतं, दुसरं काही डोक्यातच नव्हतं. त्यासाठी तिनं सरोवरावरची एक कोळीण काढली, महिनाभर खपून. लाटा तर अशा की अंगावर पाणी उडेल. कोळीण डावीकडे बघतेय, हात कोटाच्या खिशात. रविवारी मार्गिटचं उत्तर आलं तर बाईवर नुसत्या लालच लाल रेघा, डोक्यापासून पायापर्यंत. खाली मेसेज, 'कोळीण आहे ना ही? मग जाळं कोण ओढतंय? हात काढ बाहेर.'

ऐलीचं डोकंच फिरलं. तिनं चित्र नीट मोठं करूनही बघितलं नाही. होतं तसं उचललं आणि ग्रुपवर टाकलं. वर लिहिलं, 'आमच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन केलंय. बाई, आधी तुझ्या माणसांना माना फुटू देत, मग माझ्या माणसांचे हात शोध.'

मार्गिटची माणसं खरंच बिनमानेची असायची. वीसएक पोरं दिवसभर हसत राहिली. कोणीतरी तिला 'कासव' म्हटलं, ते चिकटलं. मार्गिटनं एवढंच लिहिलं, 'बरोबर आहे.' पुढच्या रविवारी तिचं काही आलं नाही. ऐलीनंही पाठवलं नाही. तिनं लाल लेयरसमोरचा डोळा, म्हणजे तो दाखवायचं-लपवायचं बटण, बंद केला आणि कोळीण तशीच अर्जासोबत धाडून दिली.

आर्ट कॉलेजनं घेतलं नाही. ऐली गावातल्याच कॉलेजात गेली. तिथं दुसऱ्या वर्षी चित्रांच्या तासाला कागद आणि कोळसा. समोर मॉडेल म्हणून एक जाडा निवृत्त पोस्टमन, अंगावर फक्त हाफ चड्डी. ऐलीची रेघ चुकली तशी तिनं टॅबलेटवर रेघ मागं घ्यायच्या सवयीनं दोन बोटांनी कागदावर टकटक केलं. रेघ काही मागं गेली नाही. शेजारचा मुलगा फिस्सकन हसला.

तास घेणाऱ्या प्रुइटबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. "कांगस, या गृहस्थांनी चड्डीशिवाय काही घातलेलं नाही. तू खिसे कुठून आणलेस?"

सगळे हसले. ऐलीपण हसली, आणि मग तिनं कागदाकडे बघितलं, पोस्टमनचे दोन्ही हात खिशात होते.

घरी आल्या आल्या तिनं कोळिणीची फाईल उघडली आणि लाल लेयरचा डोळा चालू केला. दोन वर्षांनी पहिल्यांदाच. नीट मोठं करून बघितलं. मार्गिटनं दोन्ही हात खिशातून बाहेर काढले होते, जाळ्याच्या दोरीवर आवळलेले, एकेक पेर मोजून काढलेलं. डाव्या अंगठ्यावर छोटी लाल चंद्रकोर. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हात तुझेच घेतलेत. रोज समोर असतात, बघत जा.'

ऐलीनं आपला अंगठा चित्राशेजारी धरून बघितला.

त्यानंतर तिनं महिनाभर फक्त हातच काढले. बरे, वाईट, भयाण. मग कोळीण पुन्हा काढली, उजवीकडे बघणारी, दोरी ओढणारी. छापून घेतली आणि मार्गिटच्या दुकानात गेली. मार्गिट आता गळ आणि दोऱ्या विकणाऱ्या दुकानात काम करायची. कानामागं लाल मार्कर, सेलच्या पाट्या लिहायला.

"काय गं, मासे धरायला लागलीस?" मार्गिट म्हणाली.

"नाही. हे दाखवायला आले. आणि... मी तेव्हा फार घाण वागले."

"सोड गं. माना नव्हत्याच माझ्या लोकांना."

"आता काढतेस का माना?"

"टॅबलेट केव्हाच देऊन टाकला चुलतभावाला. तो गेम खेळतो त्यावर."

ऐलीनं कागद काउंटरवर सरकवला. "लाल मार ना. डावं मनगट गंडलंय, मला माहितीय. कुठं ते कळत नाही."

मार्गिटनं कागद उचलला. मनगटावर तिची नजर क्षणभर थांबली, ऐलीनं बघितलं, तिथंच थांबली. तिचा हात कानामागच्या मार्करपर्यंत गेला. मग तिनं मार्कर तसाच राहू दिला आणि कागद परत दिला.

"छान आहे," ती म्हणाली, आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली.