भामाबाईचा दोर

नगरपालिकेच्या शाळेत झाडलोट करणाऱ्या भामाबाई सोनकांबळेचं नाव कागदावर आलं की काहीतरी वंगाळच व्हायचं, असा तिचा आजवरचा अनुभव. म्हणून तिथल्या शिक्षिका सुमनबाईंनी मधल्या सुट्टीत तिला थांबवून, "तुमचं नाव पाणी समितीत आलंय," असं सांगितलं, तेव्हा तिनं हातातला खराटा खाली ठेवला नाही.

"कोण घातलं?"

"रेवणप्पा गुरुजींनी. अकरा माणसांची समिती हाय. पगार न्हाई, काही न्हाई, सगळी आपखुशीनं काम करणारी. मी बी हाय त्यात."

"आपखुशीनं म्हणता, अन् मला तर कुणी इचारलंच न्हाई."

सुमनबाई हसल्या. भामाबाई हसली नाही.

लातूर जिल्हा होऊन चौथा उन्हाळा चालला होता. उस्मानाबादला हेलपाटे घालायचे दिवस संपले, गावात कलेक्टरची कचेरी आली, नव्या पाट्या लागल्या, जीपगाड्या फिरू लागल्या. पण पाऊस काही जिल्ह्याबरोबर आला नाही. नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी यायचं. म्हणून शहरातल्या काही जाणत्या लोकांनी नगरपालिकेला धरून ही समिती काढली होती. पाणी जपून वापरा म्हणून गल्लोगल्ली सांगायचं, झाडं लावायची अन् जगवायची, आणि जुने आड धुंडून काढायचे.

पहिल्या बैठकीला भामाबाई दाराजवळच्या बाकड्यावर बसली. अध्यक्ष रेवणप्पा, रिटायर झालेले हेडमास्तर, कपाळाला विभूती, आवाज बारीक. त्यांच्या शेजारी त्यांचा मेहुणा सिद्धलिंग, बर्फाच्या कारखान्याचा मालक. तोच जास्त बोलला. शाळेच्या पोरांच्या प्रभातफेऱ्या काढायच्या, भिंतींवर 'थेंब थेंब वाचवा' लिहायचं, असं त्याचं चाललं होतं. भामाबाई त्याच्याकडं बघत नव्हती. तिला एकच कोडं पडलं होतं. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत आपल्याला का बसवलं? वस्तीतला एक अंगठा पाहिजे असेल. उद्या आपल्या मिलिंदनगरच्या आडावर काही बंदी आणायचं ठरलं, तर म्हणतील, तुमची बाई होती की बैठकीला.

गुरुजींनी काम वाटलं. शहरातले त्रेचाळीस आड दर सोमवारी मोजायचे. पाणी काठापासून किती हात खाली गेलं ते लिहायचं. लिहायला सुमनबाई तयार झाल्या. दोर कोण सोडणार म्हटल्यावर सगळे एकमेकांच्या धोतराकडं, पँटीकडं बघू लागले.

"मी सोडीन," भामाबाई म्हणाली. "पण आकडा मी सांगीन त्योच लिव्हायचा. अन् लिव्हल्यावर मला वाचून दाखवायचा."

"बरोबर हाय तुमचं," गुरुजी म्हणाले.

एवढ्या लवकर कबूल केलं म्हणून तिला आणखीच शक आला.

तिनं दोर तयार केला. हात हात अंतरावर गाठी मारल्या, टोकाला लोखंडी कडं बांधलं. कडं पाण्याला टेकलं की दोर हलका लागायचा. मग ओढून घेताना गाठी मोजायच्या. लिहिलेलं सुमनबाई वाचून दाखवायच्या. तरी घरी जाताना ती वही मागून न्यायची आणि वाटेत पोस्टातल्या निवृत्तीकडून तेच पान पुन्हा वाचून घ्यायची. दोघांचं जुळलं की वही परत.

लोक तरी काय कमी संशयी. कापड लाईनीत एकानं विचारलं, "हे मोजून कलेक्टर आमचे आड ताब्यात घेणार का?" दुसऱ्यानं फाटकच उघडलं नाही. रत्नम्मा नावाच्या म्हाताऱ्या अम्मा ओसरीवरूनच म्हणाल्या, "दोर बाईंकडं दे अन् तू तिथंच थांब. काठाला हात लावू नको."

सुमनबाईंनी दोर घ्यायला हात पुढं केला. भामाबाईनं दोर गुंडाळून खांद्यावर टाकला. "लिवा बाई, हा आड मोजला न्हाई," असं म्हणून ती बाहेर पडली.

मिलिंदनगरात तर तिची आणखीनच गोची झाली. तिथला आड छप्पन सालानंतर, दीक्षा घेतल्यावर, वस्तीतल्या माणसांनी दीड वर्ष खपून खोदलेला. भामाबाईच्या बापाचा अंगठा त्यात सुरुंगानं गेला होता. दुसऱ्याच्या आडावर ओंजळ पसरायची नाही म्हणून खोदलेला आड, त्यावर ती सोमवारी वहीवाली बाई घेऊन उभी राहिली, तेव्हा शेजारची सरजाबाई घागर आपटून म्हणाली, "भामे, घरचा आड तू सरकारला दाखवायलीस. तुला काय देणार हायेत ते?"

"काय न्हाई."

"फुकट कोण राबतंय गं? शिकवू नको मला."

भामाबाईलाही तेच वाटत होतं.

पाच सोमवार गेले. सहाव्या सोमवारी ती वही ऐकता ऐकता थांबली. "बाई, आमच्या आडाचं परत वाचा." सुमनबाईंनी वाचलं. बाकीचे आड आठवड्याला अर्धा हात, फार तर एक हात उतरत होते. मिलिंदनगरचा दोन-दोन हात उतरत होता. आणि पलीकडच्या गल्लीतला गुरुजींचा आड जवळपास जागचा हलला नव्हता.

"बघा," भामाबाई म्हणाली, "म्हणून मला घेतलं व्हतं."

"म्हणजे?"

"आमची तोंडं बंद ठेवाय. आमचं पाणी गुरुजीच्या आडात कसं जातंय, ते बघाय पायजे."

सुमनबाईंना ते पटलं नाही. भामाबाईनं चार दिवस शाळा सुटल्यावर गुरुजींच्या गल्लीत चकरा मारल्या. तिथं काही नव्हतं. गुरुजींच्या घरात माणसं दोन, पाणी घागरीनं ओढायचे, मोटार नाही. पण परत येताना वस्तीच्या मागल्या बाजूनं तिला घरघर ऐकू आली. सिद्धलिंगच्या बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीमागून. आडापासून साठ-सत्तर पावलांवर.

रविवारी ती सकाळीच आडाच्या काठावर जाऊन बसली. बाया पाणी भरून गेल्या, तेव्हा तिनं दोर सोडला. एकोणीस गाठी. थोड्या वेळानं भिंतीमागं मोटार सुरू झाली. ऊन डोक्यावर आलं, पदर तापला, ती हलली नाही. पुन्हा दोर सोडला. वीस गाठी आणि वर चार बोटं. मधल्या वेळात बायांनी तर एक घागरही भरली नव्हती. मग लाईट गेली, घरघर थांबली. तासाभरानं दोर सोडला तर पाणी बोटभर वर चढलेलं. लाईट आली, मोटार लागली, पाणी परत खाली.

सरजाबाई लांबून हे सगळं बघत होती. ती येऊन शेजारी बसली. "काय करायलीस सकाळपासून?"

"आईक," भामाबाई भिंतीकडं बोट करून म्हणाली. मग दोर तिच्याच हातात दिला. "तूच मोज."

सरजाबाईनं मोजलं. मग संध्याकाळपर्यंत तीही तिथंच बसून राहिली.

बैठक चार दिवसांनी होती. सुमनबाई म्हणाल्या, आधी गुरुजींच्या कानावर घालू. भामाबाईनं मानलं नाही. "मेव्हणा हाय त्यांचा. आज सांगितलं, तर उद्या मोटार बंद करून सगळ्यांना बोलावतील, म्हणतील बघा, काय न्हाई."

बैठकीत सिद्धलिंग झाडांना पाणी घालण्यावर बोलत होता. तो थांबल्यावर भामाबाई दाराजवळून उठली. सात सोमवारांचे आकडे तिला पाठ होते, ते तिनं सांगितले. मग रविवारचं सांगितलं. कारखान्याचं नाव घेतलं.

"ही बाई काय बोलतीय?" सिद्धलिंग म्हणाला. "माझं बोअर अडीचशे फूट हाय. ह्यांच्या आडाचा अन् त्याचा काय संबंध? कुणीतरी शिकवून पाठवलंय हिला."

"शिकीवलं असतं तर लिव्हाय तरी शिकीवलं असतं," भामाबाई म्हणाली.

गुरुजींनी वही मागवली, चष्मा पुसला आणि पानं उलटत राहिले. मग विचारलं, "माझ्याकडं आधी का नाही आलात?"

"तुमच्यावर बी शक व्हता."

गुरुजींनी मान हलवली. राग आला की वाईट वाटलं, तिला कळलं नाही. ते मेहुण्याला एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी मोटार सुरू ठेव. मी आडावर बसतो."

आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. आजवर त्या वस्तीत त्यांनी पाऊल टाकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कुणी बाजलं आणलं, ते काठावरच बसले. दुपारपर्यंत त्यांनी स्वतः चार वेळा दोर सोडला, गाठी मोजल्या; दर वेळी पाणी आणखी खाली गेलेलं. सरजाबाईनं तांब्याभर पाणी पुढं केलं, मुद्दाम, सगळ्यांसमोर. ते प्याले. वस्तीतल्या माणसांनी हेही संशयानंच पाहिलं.

समितीच्या हातात सत्ता कसली? मोटार बंद कर म्हणायचा अधिकार तिला नव्हता. सिद्धलिंगनं समिती सोडली आणि बाजारात बोलत सुटला की, भावजीनं घरच्या माणसाचं वाटोळं केलं. नगरपालिकेला लिहिलेल्या अर्जाचं तीन आठवडे काही झालं नाही. मग गुरुजी, सुमनबाई, भामाबाई आणि वस्तीतल्या वीसेक बाया रिकाम्या घागरी घेऊन कारखान्याच्या फाटकात बसल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोड निघाली: पहाटेपासून दहापर्यंत वस्तीनं पाणी भरायचं, मोटार दहा ते बाराच चालायची, जास्तीचं पाणी कारखान्यानं औशाच्या रस्त्यावरच्या विहिरीवरून आणायचं.

आडाचं पाणी उतरायचं थांबलं नाही, पण इतर आडांसारखं उतरू लागलं. आषाढापर्यंत ते पुरलं. बाकीच्या वस्त्या टँकरमागं धावत होत्या, मिलिंदनगरला ती वेळ आली नाही. तरी काही जण म्हणायचेच की भामाबाईला आतून काहीतरी मिळालं असणार. तिनं कधी खुलासा केला नाही. गुरुजींबद्दल तिला कुणी विचारलं तर म्हणायची, "आजवर तरी बरे वागले. उद्याचं उद्या बघू."

तोड निघाल्यापासून शाळेच्या सुट्टीच्या दिवशी ती आडावर बसायची. कारखान्यात बाराचा भोंगा व्हायचा आणि घरघर थांबायची. एका रविवारी भोंगा झाला, पण घरघर थांबली नाही. बायांनी एकमेकींकडं बघितलं. भामाबाईनं दोर सोडला, गाठी मोजल्या, पदर खोचला आणि ती कारखान्याच्या फाटकाकडं चालू लागली. मागं न बघताही तिला कळलं, सरजाबाई घागर ठेवून पाठीमागं येत होती.