शिवलीलाअक्कांची लोकल लाइन

छातीत दुखतं म्हणून केलेल्या अँजिओग्राफीत शिवलीलाअक्कांच्या हृदयाच्या मोठ्या नळ्या मोकळ्या निघाल्या आणि क्षितिजने पेढे वाटले. त्याच्या निपाणीच्या शाळेत निकाल लागला की पेढे. रिपोर्ट हाही त्याला निकालच वाटला. बसवनगुडीतल्या त्या गल्लीत घरोघर जाऊन "अक्का पास झाल्या, नुसता गॅस होता" असं सांगूनही आला. घरमालकिणीची एवढी काळजी घेणारा भाडेकरू म्हणून त्याचं कौतुकही झालं.

अक्का मूळच्या संकेश्वरच्या. सगळी नोकरी सरकारी कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून काढलेली. कुठल्या साहेबाचं बायकोशी बिनसलंय हे साहेबाच्या आधी यांना कळायचं. क्षितिज हे सगळं कॉफी संपेपर्यंत ऐकायचा.

पेढ्यांनंतर मात्र अक्का गप्प झाल्या. बाजाराला जाणंही सोडलं. एकदा जिन्यात कठडा धरून उभ्या दिसल्या.

"काय अक्का, गॅस?"

"गॅसच म्हण. गल्लीभर पेढे खाऊन झालेत. आता दुखतंय म्हणायची लाज वाटते रे."

क्षितिजचं हसू तिथंच विरलं. दुसऱ्याच दिवशी तो त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तपासण्या झाल्यावर डॉक्टर गौरी म्हणाल्या, "मोठ्या नळ्या चांगल्या आहेत. पण पुढे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात, त्या अँजिओग्राफीत दिसत नाहीत. जिना चढताना त्या सैल व्हायला हव्यात, यांच्या होत नाहीत. बीपी आणि शुगरने बिघडल्यात. दुखणं खरं आहे, आणि दुर्लक्ष केलं तर झटकाही येऊ शकतो."

कितीतरी दिवसांनी अक्कांचा चेहरा उजळला. "म्हणजे ट्रंक लाइन सरी, एकदम ठीक, आणि लोकल लाइन डेड. आमचे साहेबही म्हणायचे, एक्स्चेंज ठीक आहे, तक्रार खोटी."

"म्हणजे तुम्ही खऱ्याच आजारी."

"हो. पण आता वाटायला काही आणू नकोस."

आता गोळ्या आहेत आणि संध्याकाळी हळूहळू चालणं, क्षितिजच्या सोबतीने. छाती आवळली की अक्का फुलवालीच्या पायरीवर टेकतात आणि जुन्या दिवसांत शिरतात. बोर्डावर लुकलुकणारे दिवे, मैत्रिणींनी डब्यातून आणलेला बिसीबेळे भात, दिवसभर कानात गुणगुणणारी परकी माणसं.

"सगळ्यांचे कॉल जोडले मी," परवा त्या म्हणाल्या. "माझ्या नावाचा मात्र एकदाच आला. आवाज ऐकला आणि हातातली वायर तशीच…"

तेवढ्यात क्षितिजच्या ऑफिसचा फोन वाजला. "स्वल्प थांबा हं, अक्का."

त्याचं बोलणं संपेपर्यंत त्या पदर सावरून पुढे निघाल्या होत्या. अक्कांच्या नावाचा तो एकच फोन कुणाचा होता, हे विचारायचं क्षितिजकडून अजून राहिलंय.